बंबवाल्याची भीती

आधी माझा गुन्हा सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं सरळ कळेल. चाळीसेक वर्षांपूर्वी गिरगावातल्या एका छापखान्याच्या पोटमाळ्यावर बसून मी चित्रकथांचे फुगे भरायचो. फुगे म्हणजे पात्रांच्या तोंडापाशी काढलेले ते पांढरे गोल, ज्यांत त्यांचं बोलणं असतं. चित्रकार चित्रं काढून फुगे मोकळे सोडायचा, लेखकाची वही माझ्यासमोर उघडी असायची, आणि मी त्यातले संवाद काळ्या शाईने हाताने लिहायचो. माझं अक्षर चांगलं होतं. त्या वयात माझं तेवढंच एक चांगलं होतं.

चित्रकथेचं नाव ‘बंबवाला’. आगीच्या बंबावरचा एक साधा जवान, दर अंकात कुठेतरी आग लागते आणि हा आत शिरतो. आमच्या चित्रकाराला धूर काढायची भारी हौस. चौकटभर धूर काढायचा आणि फुग्याला जागा ठेवायचा बटाटेवड्याएवढी. पहिल्याच अंकात, पेटलेल्या चाळीच्या जिन्याखाली उभा राहून बंबवाला म्हणतो, असं वहीत होतं, “मला भीती वाटतेय. पण आत माणूस आहे. बाजूला व्हा.” हे काही फुग्यात मावेना. दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. खालून मालक हाका मारत होते, मशीन थांबलंय म्हणून. मी भीतीचं वाक्य गाळलं, ‘पण’ गाळला आणि उरलेलं उलटंपालटं करून लिहिलं, “बाजूला व्हा. आत माणूस आहे.” असं मापात बसलं की मी खूश होऊन खाली जाऊन कटिंग चहा प्यालो.

अंक धडाधड खपला. शाळेतली पोरं मधल्या सुट्टीत “बाजूला व्हा, आत माणूस आहे” म्हणत मुतारीत घुसायला लागली. लेखक छापखान्यात आले. आम्ही त्यांना सर म्हणायचो, पण ते मास्तर नव्हते, सरकारी कचेरीत कारकून होते, आणि आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती. अंक उघडून माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, “माझी भीती कुठे गेली?” मी म्हटलं, “सर, मावली नाही.” मालकांनी मध्येच सांगितलं की पब्लिकला हेच आवडलंय, यापुढे भीतीबिती काही नको. सरांनी मात्र ती लिहायची सोडली नाही. दर महिन्याला वहीत भीती यायची, आणि दर महिन्याला मी मालकांच्या हुकमाने ती गाळायचो. दोन-अडीच वर्षं असं चाललं, मग एका महिन्याला सरांनी वही आणूनच दिली नाही. बंबवाला एका पेटलेल्या गोदामात शिरलेला, आणि पुढचा अंक कधी निघालाच नाही. लोक म्हणाले कागद महागला, टीव्ही आला, पोरं वाचत नाहीत. मला खरं कारण माहीत होतं आणि मी ते कोणाला सांगितलं नाही.

पुढे मी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आले, पाट्या गेल्या. मग दादरच्या एका प्रेसमध्ये चिकटलो आणि तिथूनच निवृत्त झालो. लालबागला आमच्या चाळीच्या जागी टॉवर झाला, त्यात एकविसाव्या मजल्यावर घर मिळालं. लिफ्ट बंद पडली की मी आणि बायको दोघं वरच अडकतो, दूधवाल्याला फोनवरून शिव्या देत बसतो. बंबवाला मी विसरलो होतो म्हणेन, तर खोटं ठरेल. पण त्याची आठवण काढायला कोणी नव्हतं, ते बरं होतं.

मग तीन वर्षांपूर्वी गिरगावातल्या एका बँकवाल्याने मला शोधून काढलं. पन्नाशीचा गडी, गळ्यात बँकेचं ओळखपत्र, पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले बंबवाल्याचे सगळे अंक. माझ्या पाया पडायलाच निघाला. म्हटलं, “अरे बाबा, मी फक्त अक्षरं काढली.” तो म्हणाला, “काका, आम्ही तुमच्या अक्षरांतच वाचायला शिकलो.” आता असं कोणी म्हटल्यावर माणूस पाघळणार नाही तर काय करणार? त्याने मला त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घेतलं. दोनेकशे माणसं, सगळी माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान, आणि ग्रुपचं नाव ‘आत माणूस आहे’. दादरला एका हॉटेलात जमून त्यांनी मला शाल आणि नारळ दिला. माझ्या लग्नानंतर माझा तो पहिलाच सत्कार.

त्या दिवशी बँकवाल्याने उभं राहून एक गोष्ट सांगितली. त्याचे वडील आयसीयूत शेवटच्या घटका मोजत होते, वॉचमन आत सोडेना, तेव्हा हा त्याला म्हणाला, “बाजूला हो, आत माणूस आहे,” आणि सरळ आत गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, “काका, ही ओळ सरांना सुचली कशी असेल हो?” मी चहाचा कप तोंडाला लावला. तो रिकामा होता, तरी लावला.

गेल्या वर्षी लोअर परळच्या कुठल्याशा कंपनीतली चार तरुण मंडळी सरांकडे गेली. त्यांना बंबवाला पुन्हा काढायचा होता, रंगीत, गुळगुळीत कागदावर, आणि ती अर्धवट राहिलेली गोदामाची गोष्ट दोन भागांत पुरी करायची होती. सर तेव्हा त्र्याऐंशीचे. दादरला दुसऱ्या मजल्यावर राहतात, सून नोकरीला जाते, दिवसभर एकटे. डोळ्यांचं मधलं दिसणं गेलंय, कडेकडेचं तेवढं दिसतं. त्यांनी एकच अट घातली: संवाद माझ्या वहीत आहेत तसेच छापायचे. जुन्या वह्या त्यांनी सगळ्या जपून ठेवल्या होत्या. त्या मंडळींनी अट मान्य केली. संगणकावर फुगा हवा तेवढा मोठा करता येतो म्हणे.

पहिला भाग आला. पहिल्याच पानावर बंबवाल्याचा थरथरणारा हात, आणि वर हा एवढा मोठा फुगा: “मला भीती वाटतेय. दर वेळी वाटते.”

ग्रुपवर आग लागली. अक्षरशः अर्ध्या तासात माझा फोन तापला. “हा आमचा बंबवाला नाय. कोणाला उचलून आणलाय?” “भाऊ, ह्याला आधी ग्लुकोजचं पाणी द्या.” “हात बघितला का, बीपीचा पेशंट वाटतो.” “लहानपणाची वाट लावली यार.” “घाबरणारेच वाचायचे तर आरशात बघीन की, पैसे कशाला देऊ?” एकाने पहिलं पान फाडून त्याचा व्हिडिओ टाकला. एकाने पहिल्यापासून शेवटपर्यंत किती फुग्यांत भीती आहे ते मोजून यादी टाकली. मी एकेक वाचत होतो आणि फोन उलटा ठेवत होतो. कारण ही सगळी माणसं ज्याच्यासाठी भांडत होती तो बंबवाला सरांचा नव्हताच. तो माझा होता, जागेअभावी झालेला.

त्याच आठवड्यात, इतक्या वर्षांनी, सरांचा फोन आला; माझा नंबर कंपनीतल्या मुलांनी शोधून दिला म्हणे. “रविवारी सकाळी ये. लोक काय म्हणतात ते वाचून दाखव. सुनेला वेळ नसतो, आणि तिला त्यातलं कळतही नाही.” मी गेलो. सर इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते, दाढी गुळगुळीत, जणू मुलाखतीला निघालेत. म्हणाले, “मला एवढंच कळायचंय, की घाबरलेला बंबवाला लोक घेतात का. तेव्हा कळलं नाही. आता मरायच्या आत कळू दे.”

मी फोन उघडला. सगळ्यात वर होतं, “लेखक म्हातारा झालाय, त्याला सांभाळून घ्या, पण पुस्तक घेऊ नका.”

मी सरांच्या तोंडाकडे बघितलं आणि वाचलं, “फार दिवसांनी बंबवाला भेटला. तो घाबरतो हे बघून धीर आला. – एक वाचक, माटुंगा.”

सर नुसते मान हलवत राहिले. मग म्हणाले, “अजून?” मी अजून एक रचलं, वरळीचं. मग एक अँटॉप हिलचं, बाईच्या नावाने. एकदा तोंड सुटल्यावर काय, माझं डोकं या बाबतीत भारी चालतं. चार रविवार मी असे वाचक जन्माला घातले. सर उजळत चालले. त्यांनी मला कपाटातून दुसऱ्या भागाची वही काढून दाखवली, जी चाळीस वर्षं कोणी बघितली नव्हती. म्हणाले, “आता ही देतो त्यांना. आता हिंमत झाली.”

घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती मालवणीत सुरू झाली. रागावली की ती मालवणीतच येते. “तुमका कोणी सांगल्यान हे उपद्व्याप करूक? एक खोटां झाकूक धा खोटी बोलूची लागतत.” मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला आनंद दिला तर कोणाचं काय गेलं. ती म्हणाली, “आनंद सरांका, की तुमका?” मी टीव्हीचा आवाज वाढवला.

तिचं खरं होतं, आणि पुढच्याच आठवड्यात ते दिसलं. बँकवाल्याचा फोन आला. ग्रुपतर्फे कंपनीला पत्र जाणार होतं, की दुसऱ्या भागात जुना बंबवाला परत आणा, नाहीतर आमच्यातला कोणी पुस्तक घेणार नाही. “काका, पहिली सही तुमची. त्या काळातले आता तुम्हीच.” मी म्हटलं, बरं नाहीये. दुसऱ्या दिवशी म्हटलं, नेट नाहीये. तिसऱ्या दिवशी ग्रुपवर जो तो माझं नाव घेऊन विचारायला लागला. काका कुठे आहेत? काका गप्प का? काका कंपनीला फितूर झाले का? इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी, एकविसाव्या मजल्यावर. वाटलं, फोन खिडकीतून खाली टाकावा. पण खाली कोणाच्या डोक्यात पडला असता.

खरं सांगायचं तर उपाय सोपा होता. ग्रुपवर एक ओळ लिहायची: तुमची ती लाडकी ओळ सरांची नाही, मी कापल्यामुळे तशी झाली. पण मग शाल गेली, नारळ गेला, “काका” गेलं. मला लाज वाटते, पण मला ते “काका” हवं होतं. लोकांनी वर्षानुवर्षं मला ‘पेंटर’ म्हणून हाक मारलीय. बुधवारी दुपारी मी ग्रुपवर लिहिलं, “आमच्या वेळचा बंबवाला कधी घाबरत नव्हता.”

वाक्य तसं खोटं नव्हतं. म्हणूनच ते जास्त वाईट होतं. दोन मिनिटांत शंभरेक टाळ्या पडल्या, आणि बँकवाल्याने ते वाक्य माझ्या नावासकट पत्राच्या डोक्यावर घातलं. मी जेवलो नाही. बायकोने ताट झाकून ठेवलं आणि एक शब्द बोलली नाही, आणि ती गप्प बसली की मला जास्त भीती वाटते.

रविवारी सरांकडे गेलो तर ते शर्टबिर्ट न घालता बनियनवरच बसले होते. दुसऱ्या भागाची वही मांडीवर. म्हणाले, “काल कंपनीतल्या एका मुलीचा फोन होता. वाचकांचं पत्र आलंय म्हणे, बरेच जण नाराज आहेत. दुसऱ्या भागात भीती जरा कमी करू का, असं त्या मुलीने विचारलं. उद्या दुपारपर्यंत कळवायचंय.” मी उभाच होतो. ते म्हणाले, “बस. मी तिला म्हटलं, अहो, मला तर सगळे छान म्हणतायत. ती गप्प झाली. तशी मला शंका होतीच. तुझा प्रत्येक वाचक दहा-बारा शब्दांत बोलतो. माटुंग्याचा तेवढंच, वरळीचा तेवढंच, ती अँटॉप हिलची बाईसुद्धा तेवढंच. फुग्यात मावेल एवढं.”

इतकी वर्षं त्याच मापात हात बसलेला, मला कळलंही नव्हतं.

“तेव्हा माझी वाक्यं कापलीस,” सर म्हणाले, “आता वाचकांची कापतोस. तुला रे कोणी सांगितलं, की आम्हाला सोसणार नाही म्हणून?” आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “आता वाच. पहिल्यापासून. आहे तसं. एक अक्षर गाळलंस तर परत इथे येऊ नकोस.”

मी वाचायला लागलो. ग्लुकोजचं पाणी वाचलं, बीपीचा पेशंट वाचला, म्हातारा लेखक वाचला. बीपीला सर चक्क हसले, म्हणाले, “हा मिलच्या बाजूचा असणार, बोलणं तसंच आहे.” म्हाताऱ्याला हसले नाहीत. पान फाडल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, “कुठलं पान?” मी सांगितलं, पहिलं. त्यांनी वहीवर हात ठेवला आणि म्हणाले, “पुढे.” यादीवाल्याचे आकडे मी एकेक करून वाचले. बाहेर कोणाच्या तरी घरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. स्क्रीन वर सरकवत सरकवत मी बुधवारपाशी आलो. माझं नाव दिसलं आणि माझा अंगठा आपोआप पुढे सरकायला निघाला. सर कडेच्या डोळ्यांनी माझ्या हाताकडेच बघत होते, की मला तसं वाटलं, कोण जाणे.

मी वाचलं, “आमच्या वेळचा बंबवाला कधी घाबरत नव्हता.”

“कोणाचं?”

“माझं, सर.”

मला वाटलं सर आता उठून जा म्हणतील, आणि मला तेच हवं होतं. पण ते म्हणाले, “हं. पुढचं.”

पुढचं बँकवाल्याचं होतं, शनिवारचं. लांबलचक, आणि मी ते पुरतं उघडलंच नव्हतं. म्हटलं, पत्राचंच काहीतरी असेल. आता पहिल्यांदाच वाचत होतो, तेही मोठ्याने. त्याने लिहिलं होतं, “मित्रांनो, पत्र गेलं. पण मला एक बोलायचंय. आयसीयूची गोष्ट मी तुम्हाला नेहमी सांगतो. त्यातलं अर्धं कधी सांगितलं नाही. वॉचमनला बाजूला हो म्हणालो तेव्हा मी स्वतःच घाबरलेलो होतो. आत गेलो, पण बाबांच्या खाटेपाशी जायची हिंमत झाली नाही. पडद्यापाशी उभा राहिलो आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी बाबा गेले. मला तेव्हापासून वाटत आलंय, की माझ्यातच काहीतरी कमी आहे, कारण आपला बंबवाला कधी घाबरला नाही. आणि आता पहिल्या पानावर ते म्हणतात, तो पहिल्यापासून घाबरत होता. माझा राग भीतीवर नाही. माझा राग एवढाच आहे, की हे तेव्हाच का नाही सांगितलं? तेव्हा सांगितलं असतं तर मी पडद्यापासून परत फिरलो नसतो.”

शेवटचं वाक्य सरांनी दोनदा वाचायला लावलं.

मग त्यांनी वही माझ्या हातात दिली. म्हणाले, “उद्या त्या मुलीला नेऊन दे. सांग, आहे तसं छापा, नाहीतर राहू दे. ज्याच्यासाठी लिहिलं तो माणूस मला मिळाला.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तोंड कडक होतं. “याने प्रश्न विचारलाय. उत्तर मी देऊ, की तू देतोस?”

मी म्हटलं, “संध्याकाळी गिरगावला जाऊन भेटतो त्याला.”

“आत्ता,” सर म्हणाले. “माझ्यासमोर.”

मी फोन लावला. दोनच रिंगमध्ये त्याने उचलला. “बोला काका,” तो म्हणाला, नेहमीसारखा प्रेमाने. मागे बायको-मुलांचे आवाज येत होते, कोणीतरी भांडी लावत होतं. मी म्हटलं, तुझं कालचं वाचलं. तो जरा ओशाळला, म्हणाला, “जरा जास्तच लिहिलं गेलं.”

“जास्त नाही लिहिलंस,” मी म्हटलं. “सरांनी तेव्हाच सांगितलं होतं. पहिल्या अंकात, पहिल्या ओळीत. मी गाळलं.”

मागचे आवाज हळूहळू लांब गेले. तो बहुतेक उठून गॅलरीत आला असावा.

“का?” त्याने विचारलं. सर माझ्याकडे कान करून बसले होते. मावलं नाही, एवढंच म्हणून सुटता आलं असतं, पण या वेळी मी काहीही न गाळता सांगायला लागलो.